कठोर नायिकेचे आकर्षण

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्राला अखेर मृत्यूच जवळ करावा लागला. त्याच्या कितीतरी आधी, १९५२ साली, पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’मध्ये (टोपणनावाने का होईना!) अशा दोघींना जिवंत ठेवले होते: १९ वर्षांची थेरेस आणि वयाने मोठी, अलिप्त कॅरल. अशा थंड, करारी प्रौढेच्या प्रेमकथा आजही आवडीने वाचल्या जातात, यात नवल ते कोणते? तिचा कठोरपणा हे चिलखत असते आणि ते ती एकीपुरतेच उतरवते. शिवाय, पोटची मुलगी दुरावल्यावरही कॅरल नोकरी धरते, स्वतंत्र बिऱ्हाड मांडते. कॉलेजात शिकणाऱ्या मित्रापाशी ना मिळकत होती, ना घर.