जुन्या गाडीची टायमिंग चेन : बदलावी की थांबावे?

कापडाच्या धंद्यात गाडी ही शौकाची चीज नाही, कामाचे अवजार आहे. नमुने, गाठी, वसुली सारे तिच्यावर चालते. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीला मिस्त्रीने "चेन बदला" असे सांगितले की व्यापारी पेचात पडतो. खर्च मोठा असतो आणि गाडी तर चालूच असते. अशा वेळी निर्णय कसा घ्यावा, याचा आम्ही येथे विचार करणार आहोत.

उदाहरणादाखल फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन घेऊ. २००७ पासून स्विफ्ट डिझेल आणि पुढे डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत ते बसविले गेले. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पण जुन्या गाड्या आजही आपल्या बाजारपेठांत धावत आहेत.

ज्यांनी साधा यंत्रमाग पाहिला आहे त्यांना चेनचे काम लगेच समजेल. मागाचा क्रँक शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा शाफ्ट एक फेरा घेतो. त्या तालावर ताण्याचे धागे वर-खाली होतात आणि मधून धोटा जातो. ताल चुकला की धोटा ताण्यात अडकतो आणि धागे तुटतात. इंजिनातही क्रँकचे दोन फेरे आणि कॅम शाफ्टचा एक फेरा हाच हिशेब आहे आणि तो ताल चेन राखते. चेन दात सोडून सरकली किंवा तुटली तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग व्हॉल्व्ह वाकतात, रॉकर तुटतात आणि इंजिनाचे डोके उतरवावे लागते.

रबरी पट्ट्याला बदलण्याची मुदत ठरलेली असते. चेन इंजिनाच्या आत, तेलात फिरते. तिला अशी मुदत सहसा दिलेली नसते, पण म्हणून ती अमर नसते. प्रत्येक कडीची पिन थोडी थोडी झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. ही ढिलाई टेन्शनर ओढून धरतो आणि त्याला जोर मिळतो इंजिनच्या तेलाच्या दाबातून. म्हणून ज्याने तेल वेळेवर बदलले नाही किंवा पातळी कमी असताना गाडी पळविली, त्याची चेन आधी जाते.

निर्णयापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना येणारा खडखडाट. तो दोन-तीन सेकंदांत थांबला तर टेन्शनरमध्ये तेल पोचायला वेळ लागत असेल; इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर मामला गंभीर समजावा. दुसरी, तेलाची पातळी आणि प्रत. तेल जुने असेल तर आधी योग्य ग्रेडचे भरून पाहावे. मात्र आवाज दाबण्यासाठी जाड तेल भरणे म्हणजे फाटलेल्या थानावर इस्त्री फिरविणे. तिसरी, स्कॅनरवर क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडल्याचा कोड येतो का. चौथी, आवाज खरोखर चेनचाच आहे का, कारण पुली आणि इंजेक्टरही आवाज करतात.

आता हिशेब. रकमा केवळ समजण्यापुरत्या धरू. चेनचे काम २५ हजार, चेन सरकल्यास दुरुस्ती ८० हजार आणि गाडीची किंमत दीड लाख. गाडी आणखी तीन वर्षे वापरायची असेल तर २५ हजार म्हणजे महिन्याला सुमारे ७०० रुपये. खूण पक्की असेल तर येथे थांबणे तोट्याचे. शिवाय भर सीझनमध्ये गाडी रस्त्यात बसली तर जाणारे गिऱ्हाईक त्या ८० हजारांत धरलेले नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल आणि नूतनीकरणाचा विचार नसेल, तर गाडी काढून टाकणे बरे. पण घेणाऱ्याला चेनचा दोष सांगूनच सौदा करावा. डागी थान सांगून विकतो तसेच हे आहे. आणि वरीलपैकी एकही खूण नसेल, तर केवळ किलोमीटर जास्त झाले म्हणून घाई करू नये.

बदलायचे ठरले तर नुसती चेन घालू नये. खरी मजुरी कव्हर उघडण्याची असते. म्हणून टेन्शनर, गाइड, दातेरी चाके आणि सील एकाच वेळी बदलावेत. टायमिंग लॉक करण्याची हत्यारे ज्याच्याकडे आहेत अशाच मिस्त्रीला काम द्यावे. स्टार्टर मारण्यापूर्वी त्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहावे. जुने सुटे भाग आणि पक्के बिल मागून घ्यावे.

काम होईपर्यंत गाडी धक्का मारून सुरू करू नये. झटक्याने ढिली चेन दात सोडू शकते. आणि आवाज सतत येत असेल तर "एवढी एक खेप मारून येऊ" असे म्हणू नये. नुकसान बहुधा त्याच खेपेत होते.