कानशीने पुसलेली शेवंती

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत अंग शेकावे, नित्यानंद बाबांच्या समाधीचे दर्शन घ्यावे आणि जवळच्या वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढाव्यात, हा अनेक कुटुंबांचा रविवारचा कार्यक्रम. किल्ल्यासारखा तट असलेले ते देऊळ एका लढाईच्या नवसाचे आहे. वसई हाती येऊ दे, असे चिमाजी अप्पांनी देवीला साकडे घातले. १७३९ साली वसई पडली आणि नवस फेडला गेला. त्या विजयात मिळालेल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा पुढे भीमाशंकरसारख्या देवळांत टांगल्या गेल्या. हरलेल्या शत्रूच्या वस्तूचे काय करायचे, याचे हे आपले जुने उत्तर.

दोनशे वर्षांनी मराठी मुलखातली माणसे आणखी एका दर्यापारच्या शत्रूपुढे उभी राहिली. त्याच्या हातातली वस्तू मात्र देवळात टांगण्याजोगी नव्हती. ती होती जपानी लष्कराची आरिसाका रायफल.

कर्नल नारिआकिरा आरिसाका यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९०५ साल हे मेइजी सम्राटांच्या राजवटीचे अडतिसावे वर्ष, म्हणून त्या वर्षीच्या रायफलीचे नाव 'टाइप ३८'. तिची गोळी ६.५ मिलिमीटरची. पुढे १९३९ मध्ये ७.७ मिलिमीटरची 'टाइप ९९' आली. दोन्हींत एका वेळी पाच गोळ्या भरत. प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुढे सारायचा, तेव्हा पुढची गोळी नळीत जाई. 'टाइप ३८'ची लांबी सव्वा मीटरहून थोडी जास्त. टोकाला संगीन लावली की ती बहुतेक जपानी शिपायांच्या डोक्याच्याही वर जाई. नळी लांब असल्याने बार उडताना जाळ फारसा दिसत नसे, आणि जंगलात गोळी कुठून आली ते कळणे अवघड होई. गंमत अशी, की पहिल्या महायुद्धात रायफली कमी पडल्या तेव्हा ब्रिटनने याच रायफली जपानकडून विकत घेतल्या होत्या.

मराठा पलटणींना तिची ओळख झाली ती ब्रह्मदेशाच्या सीमेवर. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमाच्या दिशेने निघाल्या. मणिपूरच्या डोंगरांतल्या सांगशाक गावी पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. २२ ते २६ मार्च त्यांनी ती टेकडी धरून ठेवली. पाण्याचे हाल होते, खडकामुळे खंदक खोल खणता येत नव्हते, मृतांना पुरायला जागा नव्हती. अखेर टेकडी सोडावी लागली, पण जपान्यांचे मोलाचे दिवस तिथे खर्ची पडले आणि कोहिमाला तयारीस अवधी मिळाला.

युद्ध संपल्यावर त्याच रेजिमेंटची इटलीत लढलेली पहिली पलटण १९४६ मध्ये जपानात गेली, दोस्तांच्या ताबा फौजेबरोबर. ब्रिगेडचे प्रमुख होते थिमय्या, पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले. जो देश जिंकायला निघाला होता, तो आता शस्त्रे खाली ठेवून उपाशी बसला होता.

या रायफलीवर एक खूण असे. गोळी भरायच्या जागी, नळीच्या माथ्यावर, सोळा पाकळ्यांची शेवंती कोरलेली. ती राजघराण्याची मुद्रा. रायफल शिपायाची नव्हे, सम्राटाची, असा तिचा अर्थ. आपण खंडेनवमीला शस्त्रावर फूल वाहतो, त्यांनी ते पोलादातच कोरले. शरणागतीनंतर असंख्य रायफलींवरचे हे फूल कानशीने घासून काढले गेले. सम्राटाची मुद्रा परक्याच्या हाती जाऊ नये, हा भाव त्यामागे होता.

आज अमेरिकेत आणि इतरत्र संग्राहक या रायफली विकत घेतात. फूल शाबूत असेल तर किंमत जास्त, घासलेले असेल तर कमी. बाजाराचा हिशेब सरळ आहे: जे दुर्मीळ ते महाग. पण शाबूत फूल बहुधा रणांगणातून उचललेल्या रायफलीवर सापडते, म्हणजे जिचा मालक बहुतेक मेला तिच्यावर. घासलेले फूल बहुधा त्या रायफलीवर, जी कुणीतरी जिवंतपणी खाली ठेवली आणि घरची वाट धरली.

आपल्याकडे हा छंद सोपा नाही, आणि ते बरेच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने चालण्याजोग्या बंदुकीला परवाना लागतो, मग ती पणजोबांची का असेना. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुराण्या शस्त्रालाच सूट. परवानाधारक वारला तर वारसाने हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायचे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारशाची धरूनही दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. बँकेच्या लॉकरचाही आधार नाही, तिथे शस्त्र ठेवायला मनाई आहे.

तेव्हा एखाद्या फौजी आजोबांच्या माळ्यावर जुने लोखंड निघालेच, तर घाबरून ते रात्री विहिरीत टाकू नये. जाणत्याला घेऊन ठाण्यात कळवावे, पावती घ्यावी. मात्र ते देण्याआधी आजीला विचारून घ्यावे: आजोबा कोणत्या पलटणीत होते, कोणत्या साली परतले, कोण परतले नाही. उत्तरे वहीत उतरवून ठेवावीत. लोखंड सरकारजमा होईल, त्याचे वाईट वाटायचे कारण नाही. वहीला परवाना लागत नाही, आणि ती पुसणारी कानसही अजून निघालेली नाही.