तोंड उघडेनासे होते तेव्हा

तरुण मुलगा दस्तरखानावर बसतो, पण सालन तोंडाला झोंबते म्हणून नुसता पाव दुधात बुडवून खातो. मोठा घास घेता येत नाही. अम्मीला वाटते, दाढ दुखत असेल. मात्र खिशात मावा किंवा गुटख्याची पुडी असेल, तर दुखणे बहुधा दाढेचे नसते.

सुपारीमुळे गालाची आतली मऊ त्वचा हळूहळू पांढरट आणि निबर होते. डॉक्टर याला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. निबर झालेली त्वचा पूर्ववत होत नाही, शिवाय पुढे कर्करोगाची भीती राहते. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक आहे. म्हणून गोड सुपारी मुलांच्या हातात देऊ नये.

तंबाखू-चुन्याची गोळी जिथे धरतात, तिथेच पांढरे किंवा लाल चट्टे उठतात, हिरड्या खाली सरकतात. विडी-सिगारेटने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो. त्यामुळे आजार असूनही रक्त फारसे येत नाही आणि दात हलू लागेपर्यंत काही कळत नाही.

आपल्या घरांतल्या मिश्रीकडे तर कोणी व्यसन म्हणून पाहतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदर बाईने ती लावली, तर पोटातल्या बाळालाही धोका असतो. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पण घरातल्या मिश्रीच्या डबीवर बंदी आपणच घालायची आहे.

घरच्या घरी एक तपासणी करा. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते पाहा. जात नसतील, किंवा तोंडातला चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी होत नसेल, तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करू नका. कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते.

सोडणे जमत नाही, असे म्हणणाऱ्याने रमजान आठवावा. सहरीपासून इफ्तारपर्यंत तोच माणूस तंबाखूला शिवत नाही. मग इफ्तारनंतरचे काही तासही का जमू नयेत? तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यावे, वुजू करावा, मिस्वाक करावी. मदतीसाठी 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ज्या तोंडाने आपण त्याचे नाव घेतो, ते तोंड तरी जपू या.