कानावरून काम ओळखा

डिसेंबरात चंदीगडहून माझ्या भाचीचा फोन आला. ती राहते सेक्टर ३४ मध्ये, तिथल्या मोठ्या प्रदर्शन मैदानापासून जवळच. आवाज अगदी काळजीचा. "मावशी, आमच्या शेजारी लातूरचे काका राहायला आलेत. त्यांच्या कुत्र्याच्या बरगड्या मोजता येतात गं! ते त्याला पोटभर जेवायला देत नाहीत का?"

मी म्हटलं, फोटो पाठव. आला. उंच पाय, आत ओढलेलं पोट, लांब निमुळतं तोंड, गालांशी पडलेले कान आणि अंगात स्वेटर! मला आनंदच झाला. अगं, हा तर आपला कारवानी!

तांडे घेऊन फिरणाऱ्या लोकांबरोबरचा कुत्रा, म्हणजे कारवाँबरोबरचा, म्हणून कारवानी. लातूर, धाराशिव, सोलापूरकडे तो पिढ्यान् पिढ्या पाळला जातो. कानांवर, शेपटीवर रेशमासारखे लांब केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. पलीकडे कर्नाटकात मुधोळ आहे, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानाचं गाव. तिथला मुधोळ हाउंड याचाच भाऊबंद. पुष्कळ जण दोघांना एकच मानतात. मुधोळ हाउंडचं चित्र २००५ साली आपल्या टपाल तिकिटावरही आलं.

आता बरगड्यांचं बघू. या कुत्र्याचं शरीर पळण्यासाठी घडलंय. छाती खोल, कारण आत भरपूर हवा मावायला हवी. कंबर बारीक, कारण पळताना पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. अंगावर चरबी फार कमी, म्हणून तब्येत ठणठणीत असली तरी शेवटच्या दोन-चार बरगड्या दिसतात. आणि म्हणूनच चंदीगडच्या थंडीत स्वेटर! पहाटे पारा पाच अंशांपर्यंत उतरला, तर बिचारा कुडकुडणारच.

आणि वेग? त्याच घाटाचा ग्रेहाउंड शर्यतीत साधारण अर्ध्या मिनिटात ५०० मीटर जातो. चंदीगडचा सेक्टर म्हणजे साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब चौकोन. म्हणजे तेवढा वेग टिकला, तर तुम्ही बुटांच्या नाड्या बांधेपर्यंत तो रुंदीच्या पार! पण इतका वेळ तो वेग टिकत नाही.

यातली खरी गंमत डोळ्यांनी बघण्यासारखी आहे. चौखूर उधळलेला घोडा पावलांच्या एका फेरीत एकदाच पूर्ण हवेत असतो, पाय पोटाशी गोळा झालेले असताना. हे कुत्रे दोनदा असतात! एकदा पाय गोळा करून आणि एकदा चारही पाय लांब ताणून. चित्ताही असाच पळतो.

डोळेसुद्धा कामाचे. एक करून बघा. समोर एका ठिपक्याकडे बघत दोन्ही हात बाजूंना पसरा, बोटं हलवा आणि हात हळूहळू मागे न्या. खांद्यांच्या रेषेपाशी बोटं दिसेनाशी होतात ना? कुत्र्याचे डोळे जास्त बाजूला असतात, म्हणून त्याला त्या रेषेच्याही मागचं दिसतं. लाल-हिरव्यात तो गोंधळतो, पण दूर काही हललं की लगेच टिपतो.

मग भाचीने असा प्रश्न विचारला, की मी जागीच बसले. "मावशी, पुस्तकात असाच एक शिकारी कुत्रा आहे, माल्टाचा. पण त्याचे कान तर उभे आहेत!"

भूमध्य समुद्रातला माल्टा हा देश आपल्या गोव्याच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. तिथे या दुर्मीळ कुत्र्याला 'केल्ब ताल-फेनेक' म्हणतात, म्हणजे सशाचा कुत्रा. इंग्रजांनी त्याला 'फॅरो हाउंड' असं इजिप्तच्या राजांचं नाव दिलं. पण २००४ मध्ये डीएनए तपासला, तेव्हा तो काही इतका पुरातन निघाला नाही. माझ्या मते सशाचा कुत्रा हेच नाव चांगलं. त्याचं नाक काळं नसतं, म्हणून तो खूश झाला की नाक आणि कान गुलाबी होतात. चक्क लाजतो!

कारवानीही सशामागेच पळायचा. मग कान वेगळे का? कारण ससे वेगळे! आपला रानससा बीळ करत नाही. गवतात दबून बसतो आणि जवळ गेलं की सुसाट सुटतो. मोकळ्या माळावर त्याला गाठायला नजर हवी, पाय हवेत. माल्टाचा ससा मात्र बिळात आणि दगडी बांधांच्या फटींत लपतो, आणि शिकार चालते रात्री. तिथे कुत्र्याला दगडाआडची खुसफुस ऐकावी लागते, वास काढावा लागतो. माणसांनी पिढ्यान् पिढ्या आपापल्या कामाचे कुत्रे निवडले. माल्टाच्या लोकांना ऐकणारा हवा होता, आपल्याला बघणारा.

आपल्याकडे कायद्याने सशाची शिकार बंद झाली, ते फार बरं झालं. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळ हाउंडना दुसरी कामं शिकवायला सुरुवात झाली.

परवा पुन्हा फोन. काकांनी कुत्र्याला मोकळ्या जागी पळवलं होतं आणि भाचीने मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ काढला होता. "मावशी, मी मोजलं! एकदा गोळा होऊन, एकदा ताणून. दोन्ही वेळा जमिनीवर एकसुद्धा पाय नाही!"