मळ्यापासून माजघरापर्यंत : थेट खरेदीचा हिशेब

शेतकरी आणि ग्राहक यांच्यामध्ये जो मध्यस्थ उभा असतो, त्याच्याविषयी आपल्या समाजात फारशी मतभिन्नता आढळत नाही. दलाल म्हणजे दोन्ही हातांनी खाणारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. २०२४ साली रिझर्व्ह बँकेने भाज्यांच्या भाववाढीविषयी जो अभ्यासनिबंध प्रसिद्ध केला, त्यात ग्राहकाने मोजलेल्या रुपयापैकी शेतकऱ्याच्या वाट्याला टोमॅटोच्या बाबतीत सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या बाबतीत ३६ आणि बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे येतात, असा अंदाज दिला आहे. हे आकडे वाचल्यावर साहजिकच असे मनात येते की, मधला माणूस दूर केला तर उरलेले साठ-पासष्ट पैसे पिकविणारा आणि खाणारा या उभयतांना वाटून घेता येतील. शेतकऱ्याकडून थेट खरेदी करावी असा जो उपदेश आज ठिकठिकाणी ऐकू येतो, त्याच्या मुळाशी हाच हिशेब असतो. त्याची छाननी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगावयाचे तर ते असे : मध्यस्थ काढता येतो, परंतु मध्यस्थाचे काम काढता येत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर पडतेच. आणि ते कोणाच्या अंगावर पडले व त्याची मजुरी त्याला मिळाली की नाही, यावर थेट विक्री शेतकऱ्यास लाभते की बाधते हे अवलंबून असते.

हे काम कोणते, हे प्रथम पाहिले पाहिजे. जुन्नर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याचा टोमॅटो पुण्यातील स्वयंपाकघरात कसा पोचतो, याचा माग काढू. फळ तोडावयाचे, त्याची प्रत लावावयाची, वीस-वीस किलोच्या क्रेटमध्ये ते भरावयाचे आणि टेम्पोत घालून नारायणगावच्या आवारात किंवा सरळ पुण्याच्या मार्केट यार्डात न्यावयाचे, इतके शेतकऱ्याचे. तेथे हमाल माल उतरवतो, तोलणार वजन करतो, अडत्याच्या गाळ्यापुढे लिलाव होतो. घाऊक खरेदीदाराकडून तो माल पहाटेच किरकोळ विक्रेत्याकडे जातो आणि तेथून हातगाडीवर किंवा दुकानाच्या फळीवर येतो. दिवसभर गिऱ्हाइकाची वाट पाहणे, पावशेर-अर्धा किलो तोलून देणे, हाताळून मऊ पडलेले फळ बाजूला काढणे, संध्याकाळी पडेल त्या भावाने विकणे आणि जे त्याही भावाने जात नाही ते फेकून देणे, हे सर्व या शेवटच्या माणसाचे काम. फेकलेल्या मालाची किंमत विकलेल्या मालावर चढते. टोमॅटो, पालेभाजी यांसारख्या नाशवंत मालात किरकोळीचा भाव घाऊक भावाच्या मानाने एवढा चढा का असतो, याचे बरेचसे उत्तर येथे आहे. हातगाडीवाल्याचे घर पाहिले तर या फरकातून तो श्रीमंत झाला आहे असे कोणासही वाटणार नाही.

अडत्याची गोष्ट निराळी आहे. शेतकऱ्याच्या हाती शेवटी जी पट्टी पडते, तीत भाव, वजन आणि वजावट यांचा उल्लेख असतो. परंतु त्या दोघांमधील खरे नाते पट्टीत कोठेही लिहिलेले नसते. रोपे आणावयाची आहेत, औषधाची फवारणी आली आहे, घरात लग्न आहे, अशा वेळी जो उचल देतो तो अडत्याच असतो. कागदपत्र नाही, तारण नाही. अट एकच, की माल त्याच्याच गाळ्यावर यावयाचा. या उचलीमुळे शेतकऱ्याचे अडलेले काम होते आणि तिच्यामुळेच त्याचे पाय बांधले जातात. आमच्या मते अडत्याची सत्ता त्याच्या टक्केवारीपेक्षा या उचलीत अधिक आहे, आणि थेट विक्रीची योजना आखणारे बहुतेक लोक नेमके हेच विसरतात. गिऱ्हाईक मालाचे पैसे माल घेतल्यावर देते. शेतकऱ्याला पैसे लागतात ते माल तयार होण्याच्या आधी.

बाजारातील लबाडीपासून शेतकऱ्याचे रक्षण करावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, आणि १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडातील कापूस व धान्य यांच्या बाजारांना नियम लागू झाले. शेतीविषयक शाही आयोगाने १९२८ साली अशा नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई इलाख्यात १९३९ चा आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ चा कृषि उत्पन्न बाजारविषयक कायदा त्याच मार्गाने आला. खरेदीदार आणि अडत्या यांनी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवावा आणि मालाच्या धन्याने बाजूला उभे राहून पाहावे, ही ‘हत्ता’ पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना उघड लिलावाचे महत्त्व सांगावयास नको. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३३ साली धनंजयराव गाडगीळ प्रभृतींची शहरातील फळविक्रीच्या व्यवस्थेची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीही याच काळातील. मळ्यातील भाव आणि दुकानातील भाव यांमधील अंतर अनुमानाने न सांगता मोजून सांगण्याची परंपरा तिच्यामुळे आपल्याकडे रूढ झाली. (त्या शहराच्या मंडईचीच एक गंमत येथे नोंदविण्याजोगी आहे. १८८६ साली पुरी झालेली ही इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई. तिच्यावर नगरपालिकेने एवढा पैसा खर्च करू नये असे म्हणणाऱ्या सभासदांत जोतीराव फुले होते. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.)

कायद्याने बाजार सुधारला, परंतु विक्री त्या आवारातच झाली पाहिजे असे बंधनही त्याबरोबर आले. आवारातील गाळे मोजके, परवाने मोजके. त्यामुळे ज्या आवाराने शेतकऱ्याचे संरक्षण करावयाचे तेथेच नवी मक्तेदारी वाढली, ही तक्रार पुढील काळात सार्वत्रिक झाली. तिला उत्तर म्हणून अन्य राज्यांनी शेतकऱ्यांचे स्वतंत्र बाजार काढले. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’, आंध्र प्रदेशात १९९९ च्या जानेवारीत ‘रैतु बाजार’, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तामिळनाडूत मदुराई येथे ‘उळवर संदै’ हे त्यांपैकी प्रमुख होत. महाराष्ट्रात २०१६ च्या जुलैमध्ये फळे व भाजीपाला यांची आवाराबाहेरील विक्री नियमनातून मुक्त करण्यात आली आणि आवारात अडत घ्यावयाची ती शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध काही दिवस व्यवहार बंद ठेवले होते. त्याच वर्षी सरकारने शहरांतून शेतकरी आठवडी बाजार भरविण्याचे अभियान हाती घेतले आणि त्यास संत सावता माळी यांचे नाव दिले. मळ्यातच विठ्ठल पाहणाऱ्या अरणच्या या माळ्याचे नाव अशा बाजारास शोभते, यात संशय नाही.

आता हिशेबाकडे वळू. पुढील आकडे कोणत्याही पाहणीतील नसून केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, एका शेतकऱ्याजवळ १०० किलो भाजी आहे. घाऊक बाजारात तिला किलोमागे १२ रुपये भाव मिळतो. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता १० रुपये हाती राहतात, म्हणजे एकूण १,००० रुपये. हीच भाजी शहरातील दुकानात ३६ रुपयांस मिळते. शेतकरी शहरात जाऊन ती स्वतः २४ रुपयांनी विकावयास बसला. ८० किलो त्या भावाने गेली, १५ किलो संध्याकाळी १० रुपयांनी काढावी लागली, ५ किलो वाया गेली. गल्ला झाला २,०७० रुपयांचा. त्यातून टेम्पोतील जागेचे २५० आणि बाजारातील जागेचे १०० रुपये वजा केले, की १,७२० रुपये उरतात. एक हजाराच्या जागी सतराशे वीस! शेतकरी खूष होऊन घरी जातो.

परंतु त्या दिवशी नवराबायको दोघेही पहाटे निघून रात्री परतली आहेत. दोघांची मजुरी ८०० रुपये धरली तर शिल्लक ९२० वर येते, म्हणजे घाऊक बाजारापेक्षाही ऐंशी रुपयांनी कमी. शिवाय मळ्यातील एक दिवसाचे काम राहिले ते निराळेच. ही मजुरी कोणी धरीत नाही, विशेषतः बाईची. कारण ती कोणाला रोख द्यावी लागत नाही. थेट विक्रीच्या यशाच्या ज्या वार्ता आपण वाचतो, त्यांतील नफ्याचा केवढा भाग म्हणजे घरच्या बाईची न धरलेली मजुरी असते, याचा शोध घेणे अगत्याचे आहे.

आता असे समजा की, चार शेतकऱ्यांनी निरनिराळ्या भाज्या मिळून ४०० किलो माल एकत्र केला आणि विकावयास दोनच माणसे पाठविली. घाऊक बाजारात त्यांना सर्वांचे मिळून ४,००० रुपये मिळाले असते. वरील प्रमाणानेच ३२० किलो २४ रुपयांनी आणि ६० किलो १० रुपयांनी गेली, तर गल्ला ८,२८० रुपयांचा होतो. टेम्पोचे ६००, जागेचे १०० आणि दोघांच्या मजुरीचे ८०० वजा जाता ६,७८० रुपये उरतात. भाव तोच, माल तसाच आणि नासाडीही त्याच प्रमाणात. बदलले ते एवढेच की मध्यस्थाचे काम चौघांत वाटले गेले. गिऱ्हाइकालाही चार भाज्या एका ठिकाणी मिळाल्यामुळे पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागली नाही. शेतकऱ्यांचे गट आणि उत्पादक कंपन्या यांचे प्रयोजन या साध्या गुणाकारात आहे. अर्थात गट म्हटला की हिशेब ठेवणारा आला, आणि शेजाऱ्याचा माल आपल्या मालाइतक्याच निगुतीने विकणारा माणूसही आला. असा माणूस मिळणे हे गाव कोणते यावर अवलंबून असते; अर्थशास्त्राला त्याविषयी फार काही सांगता येत नाही.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न दुसऱ्या एका मार्गाने सोडविला होता. खेड्यात रोजचे दुकान चालावे एवढे गिऱ्हाईक नसते. तेव्हा सात दिवसांचे गिऱ्हाईक एका दिवशी एका ठिकाणी गोळा करावयाचे, हे आठवडी बाजाराचे तत्त्व होय. शेजारच्या गावांचे वार वेगळे ठेवले, की फिरत्या व्यापाऱ्यालाही रोज बाजार मिळतो आणि शेतकऱ्याचा आठवड्यातून एकच दिवस मोडतो. विल्यम स्किनर यांनी १९६४-६५ मध्ये चीनमधील ग्रामीण बाजारांविषयी जे लेखन केले, त्यात बाजाराच्या दिवसांची ही गुंफण तपशिलाने दाखविली आहे. आपल्याकडील कोणत्याही तालुक्यातील बाजारांचे वार नकाशावर मांडले तर तशीच गुंफण दिसू लागते. गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आजही याच रीतीने भरतो. मयड्याची केळी घेऊन बसणारी बाई आणि बाहेरगावाहून कपडा आणणारा व्यापारी तेथे एकाच दिवशी भेटतात. ती विकते आणि तेथेच खरेदी करते. बाजाराची ही दुहेरी फेरी महत्त्वाची आहे. शेतकरी बाजाराला जातो तो केवळ विकावयास जात नाही. मीठमिरची, औतफाट्याची दुरुस्ती, सोयरिकीची बोलणी अशी दहा कामे त्याच खेपेत होतात, त्यामुळे त्या दिवसाची सगळी मजुरी भाजीवर पडत नाही. शहरात भरविलेल्या बाजारात शेतकऱ्याची ही सोय नसते. तेथे तो केवळ विक्रेता असतो, आणि म्हणूनच काही आठवड्यांनी त्याच्या जागी घाऊक बाजारातून माल उचलून आणणारा मनुष्य बसलेला दिसू लागतो. यास फसवणूक म्हणता येईल, पण तिचे कारण हिशेबात आहे.

मग थेट खरेदी कोणत्या मालास साजते? जो माल टिकतो आणि वर्षातून एकदाच घ्यावा लागतो, त्यास ती उत्तम साजते. मावळातील इंद्रायणी तांदूळ सुगीनंतर पोत्याने घेणारी शहरातील कुटुंबे पुष्कळ आहेत. एकदा वजन झाले, पैसे दिले, की वर्षभर दोघांचाही एकमेकांशी संबंध येत नाही. कोकणात पावसाळ्यापूर्वी करावयाची आगोटीची बेगमी याच जातीची. आंबा नाशवंत असूनही त्यास थेट विक्री मानवते, कारण हंगाम थोड्या महिन्यांचा, भाव चांगला आणि गिऱ्हाईक पेटीने घेणारे. उलट मेथी-कोथिंबिरीच्या जुडीसाठी रोज एवढा खटाटोप करणे उभयतांनाही परवडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शेतकऱ्यांनी शहरांतील गृहसंस्थांच्या दारांत भाजी नेऊन दिली आणि लोकांनी ती रांगा लावून घेतली. पण बाजार पूर्ववत सुरू झाल्यावर बहुतेक ग्राहक कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळले. त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. दुकानात हवी ती भाजी हव्या त्या वेळी पावशेरही मिळते. मळ्यात त्या आठवड्यात जे पिकले असेल तेच मिळते.

ज्या ठिकाणी ग्राहकांनी हे दुसरे पत्करले आहे, तेथे मात्र व्यवहाराचे स्वरूपच पालटलेले दिसते. जपानात १९७० नंतरच्या दशकात ‘तेईकेई’ या नावाने शहरातील कुटुंबांनी, विशेषतः गृहिणींनी, एकेका शेतकऱ्याशी करार केले. त्याने पिकवावे ते सर्व त्यांनी घ्यावयाचे, भाव दोघांनी बसून ठरवावयाचा आणि मालाची वाटणी ग्राहकांनी आपसांत करून घ्यावयाची. येथे मध्यस्थाच्या कामाचा मोठा भाग ग्राहकांनी स्वतःच्या अंगावर घेतला. पुढे अमेरिकेत अशाच मंडळ्या निघाल्या, तेव्हा तेथील सभासद हंगामाच्या आरंभीच वर्गणी देऊ लागले. आपल्याकडे आंब्याची पेटी मोहोर दिसताच सांगून ठेवणारे आणि थोडे पैसे आगाऊ पाठविणारे गिऱ्हाईक असते. बागाईतदारास त्या पैशातून फवारणी करता येते, आणि तेवढ्यापुरती त्याला दलालाची उचल घ्यावी लागत नाही.