बिनतारी रुसवा

मेहुण्याचा पेणला गणपतींचा कारखाना. त्याच्या परगावच्या मागण्या मात्र रोह्याला माझ्या घरच्या संगणकावर येतात, त्याही बोटभर यूएसबी वायफाय अडॅप्टरच्या भरवशावर! ऐन श्रावणात हे महाशय रुसू लागले. मागणी हुकली, की गिऱ्हाईक गेले. दुकानदार म्हणाला, ‘नवा घ्या.’ पण शेजारी बाहेरची डिस्क जोडली की तेव्हाच अडॅप्टर मान टाकतो, हे माझ्या ध्यानी आले. यूएसबी ३.० च्या वेगवान संदेशवहनातून निघणारा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला बुडवतो. इंटेलने २०१२ साली हे मोजून दाखवले आहे. हातभर यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून अडॅप्टर डिस्कपासून दूर नेला. रुसवा संपला! वाचकहो, यंत्र बदलण्यापूर्वी त्याचा शेजार बदलून पाहा.