ट्रकच्या पाठीवरचा ‘ओके’

आमच्या वाटूर फाट्यावर पाच मिनिटं उभं राहिलं, तरी वाचनाचा एक तास होऊन जातो! जालना-मंठा रस्त्यावरून ट्रकमागून ट्रक जातात. कुणाच्या पाठीवर ‘आईचा आशीर्वाद’, तर कुणाच्या पाठीवर ‘बुरी नजरवाले, तेरा मुँह काला’. आणि अजूनही पुष्कळ ट्रकांवर दिसणारी ओळ म्हणजे ‘हॉर्न ओके प्लीज’.

ही ओळ तुम्ही शंभरदा वाचली असेल. आता जरा अर्थ लावून पाहा. ‘हॉर्न प्लीज’ म्हणजे ‘कृपया हॉर्न वाजवा’. झालं की वाक्य पुरं! मग मधला ‘ओके’ तिथं काय करतो?

याची उत्तरं ऐकाल तर गंमत वाटेल. कुणी सांगतं, दुसऱ्या महायुद्धात डिझेलची टंचाई होती, ट्रक रॉकेलवर चालत. मागच्यानं सांभाळून यावं म्हणून ‘ऑन केरोसीन’ लिहीत, त्याचंच झालं ‘ओके’. कुणी म्हणतं, ती टाटांच्या ओके साबणाची जाहिरात. तिसरा म्हणतो, मूळ अक्षरं ‘ओ टी के’, म्हणजे ओव्हरटेक. मधला ‘टी’ पुसला गेला.

छान आहेत ना गोष्टी? पण छान गोष्ट आणि खरी गोष्ट यांत फरक असतो. एका ट्रकचा ‘टी’ पुसला जाईल. देशभरातल्या ट्रकांचा कसा पुसला जाईल? महायुद्ध तर १९४५ साली संपलं. मग नव्याकोऱ्या ट्रकवर ती अक्षरं कशाला? तिन्ही गोष्टी आवडीनं सांगितल्या जातात, पण त्या काळातला पक्का कागद कुणी पुढे ठेवलेला नाही.

कागद सापडला की काय होतं, तेही पाहा. खुद्द ‘ओके’ या शब्दाबद्दलही अमेरिकेत अशाच कितीतरी दंतकथा होत्या. ॲलन वॉकर रीड या प्राध्यापकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळली. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये त्यांना ‘ओके’ छापलेला मिळाला. तेव्हा तिकडे मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून आद्याक्षरं लिहिण्याची टूम होती. ‘ऑल करेक्ट’ हे शब्द ‘ए’ऐवजी ‘ओ’नं आणि ‘सी’ऐवजी ‘के’नं लिहिले, की झालं ‘ओके’! म्हणजे ‘सगळं बरोबर’ हेच मुळी चुकीचं लिहिलेलं! पुढच्याच वर्षी अध्यक्ष व्हॅन ब्युरेन निवडणुकीला उभे राहिले. किंडरहूक हे त्यांचं गाव, म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावाचंही ‘ओके’ झालं. ते निवडणूक हरले. शब्द मात्र जिंकला.

आपल्याकडे येऊन तो ‘ओक्के’ झाला. २०२२ साली तेव्हाचे सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं फोनवरचं ‘एकदम ओक्के’ घराघरात पोहोचलं, ते आठवतं ना?

शब्दांसारखेच ओळींचेही अर्थ बदलतात. पूर्वी रस्ते अरुंद, ट्रकला धड आरसे नसत, त्यात उंच माल भरलेला. मागून कोण येतंय ते दिसायचं नाही. तेव्हा ‘हॉर्न प्लीज’ म्हणजे ‘बाबा रे, आवाज दे, नाहीतर अपघात होईल’ अशी विनवणी होती. पण पुढे वाहनं वाढली आणि तीच ओळ विनाकारण पों-पों करण्याचा परवाना वाटू लागली. म्हणून २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी ट्रकवर ती लिहायला बंदी घातली. शाळा आणि दवाखान्यांभोवतीचा १०० मीटरचा परिसर तर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रस्त्याकाठच्या शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलांना त्याचं मोल विचारा!

आता तुमच्यासाठी एक उद्योग. वहीत तीन रकाने आखा: शब्द, त्याची गोष्ट आणि पुरावा. ‘लई भारी’पासून सुरुवात करा. आजी-आजोबांना विचारा, जुनी मासिकं चाळा. तिसरा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण ऐकीव गोष्टीनं तो भरू नका. काय, ओके?